सुकतीला बघ

काकांच्या दोन्ही गुडघ्यांना रिक्षाच्या सीटचा फोम बांधलेला असायचा. त्यावरून सायकलच्या ट्यूबची पट्टी, घट्ट. असा सगळा सरंजाम करून साठी ओलांडलेला हा गृहस्थ आमच्या रिकाम्या हॉलमध्ये गुडघ्यांवर चालत फिरायचा. पहिल्या दिवशी ते दृश्य बघितलं आणि मी ठरवूनच टाकलं की या माणसापासून चार हात लांब राहायचं. माझं असलं ठरवलेलं काही टिकत नाही, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं.

त्या दिवशी मी भिंतीवर माहितीचे बोर्ड कुठे लागतील त्याच्या खुणा करत होते. काका गुडघ्यांवरून आले, माझ्या पायाशी थांबले आणि मान वर करून म्हणाले, "बाय, माझा डोळा आता सव्वातीन फुटावर हाय. दुसरीतलं पोर येवढंच असतं. तुझा बोर्ड मना दिसत नाय."

मी म्हटलं, मुलं मान वर करून वाचतील की.

"तू वाचशील? मान वर करून, उभ्यानं, बारा ओळी?"

नसत्या वाचल्या. मी सगळे बोर्ड दीड फूट खाली आणले, ओळी बाराच्या चार केल्या, आणि मनातल्या मनात त्यांचा उद्धार केला.

आमची कंपनी पनवेलची, आणि आमचं खरं काम बिल्डरांची मॉडेलं करण्याचं. ॲक्रिलिकचे टॉवर उभे करायचे, त्यांच्याभोवती प्लास्टिकची झाडं चिकटवायची, पार्किंगमध्ये नखाएवढ्या गाड्या लावायच्या. करंजाड्याला मी राहते त्या बिल्डिंगचं मॉडेलही आम्हीच केलं होतं. त्यातला स्विमिंग पूल अजून फक्त मॉडेलातच आहे. तर अशा आम्हाला एका ट्रस्टने लहान मुलांच्या म्युझियमसाठी समुद्राचं दालन करायला सांगितलं. नुसतं बघायचं नाही. हात लावा, फिरवा, ओढा, वास घ्या, असं. आमच्या बॉसनी विचार न करता हो म्हटलं. समुद्र काय, निळा रंग जास्त लागेल, एवढंच त्यांचं म्हणणं.

डिझाइन माझ्या गळ्यात पडलं. मी मूळची साताऱ्याची. समुद्र म्हणजे मला सुट्टीतल्या फोटोंच्या मागे असतो तो. पाणी, पंप, मोटरी यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून बॉसनी काकांना आणलं. तळोज्याच्या एका कारखान्यात आयुष्यभर व्हॉल्व्ह आणि पंप सांभाळून ते रिटायर झालेले. त्याआधीचं लहानपण, त्यांच्याच शब्दांत, मिठात मुरलेलं. उरणच्या वाटेवर त्यांच्या वडिलांचं मिठागर होतं. आता तिथे भराव पडून कंटेनर उभे असतात. त्याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत, पण त्या रस्त्याने जाताना गाडीत त्या बाजूला बसायचे नाहीत.

गुडघ्यांवरून त्यांना काय काय दिसायचं! टेबलाच्या पोटाखाली आपण मोठी माणसं कधी बघतच नाही. तिथे कच्चा प्लायवूड असतो, खिळ्यांची टोकं असतात, सुताराने पेन्सिलीने टाकलेली मापं असतात. आणि मुलं नेमकी टेबलाखालीच जातात. काकांनी आमच्या सगळ्या टेबलांची पोटं रंगवून घेतली. वरून साधं टेबल, खाली शिरलं की डोक्यावर होडीचा तळ, त्याला चिकटलेली कालवं, बाजूने सुटलेला नांगराचा दोर. माशाला होडी कशी दिसते, असं त्यांना कुठल्याशा मुलाने विचारलं होतं म्हणे. त्यावरून हे सगळं.

हा प्रश्न त्यांच्या वहीत होता. निळ्या पुठ्ठ्याची लाँगबुक, सतत काखेत. शाळेच्या फाटकाशी, रिक्षा स्टँडवर, दवाखान्याच्या बाकावर, जिथे पोर दिसेल तिथे काका त्याला विचारत की दर्याला काही विचारायचं असेल तर काय विचारशील. पोर जे बोलेल ते जसंच्या तसं वहीत. पुढे वय. नाव नाही, गाव नाही, फक्त वय. मासे झोपेत कूस बदलतात का, वय पाच. खेकड्याला आडवं चालताना समोरचं दिसतं का, वय आठ. समुद्राला खाली भोक पडलं तर आपण जपानला सांगायचं का, वय सहा. मला ही वही वाचताना असं वाटायचं की मी इतकी वर्षं नुसती झोपा काढतेय.

उत्तर मात्र त्यात एकही नाही. मी विचारलं तर म्हणाले, "उत्तर लिवलं का वही बंद होते."

त्यांचा दुसरा नियम असा की विचारू नये असा प्रश्नच नसतो. हा नियम ते इतक्यांदा सांगायचे की ऑफिसातली पोरं मुद्दाम त्यांना काहीबाही विचारायची, काका तुम्ही केस काळे करता का वगैरे. काका शांतपणे सांगायचे, हो, महिन्यातून दोनदा.

एकदा बॉसचा भाचा वर्कशॉपमध्ये आला होता. माशाला तहान लागते का, असं त्याने विचारलं. मी हुशारी केली. फोन काढला, शोधलं, समुद्रातला मासा पाणी पितो असं सांगून मोकळी झाले. पोरगं "बरं" म्हणालं आणि गेम खेळायला बसलं. काका दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी डबा खाताना म्हणाले की तू त्याच्या तोंडचा घास काढलास. मला आधी राग आला, मग वाईट वाटलं, आणि मग पुन्हा राग आला, कारण त्यांच्या डब्यातल्या जवळ्याच्या चटणीचा वास माझ्या पोळीभाजीवर बसला होता.

वासावरून आठवलं. बॉसनी मॉलमधून एक स्प्रे आणला होता, बाटलीवर लाट, आत समुद्राचा सुगंध. दालनात शिरताना फवारायचा. काकांनी तो एकदा नाकाशी धरला, पुन्हा धरला, आणि अगदी आदराने विचारलं, "साहेब, ह्यो दर्या कुठला?" दुसऱ्या दिवशी टेबलावर पाच बरण्या. सुके बोंबील, खाडीचा गाळ, डिझेल, ओलं जाळं, आणि पाचवीत नुसतं मिठागरातलं मीठ, ज्याला वास नसतो असं मी शपथेवर सांगितलं असतं. असतो. बॉसच्या केबिनचा एसी चालू होता, त्यामुळे बोंबील सगळीकडे पोचले आणि त्या दिवशीची एका बिल्डरसोबतची मीटिंग समोरच्या हॉटेलात हलवावी लागली. बरण्या राहिल्या. झाकणं तेवढी घट्ट केली.

मला ते उरणजवळच्या करंजा बंदरावर घेऊन गेले ती सकाळ मी विसरणार नाही. म्हणाले, दर्या बघितल्याबिगर दर्याचं दालन कसं करशील? मी गॉगल लावून, नवी चप्पल घालून, हौसेने निघाले. बंदरावर पोचले तर लिलाव आटपलेला, मासे वाळत पडलेले, आणि होड्या सगळ्या कलून चिखलात बसलेल्या. लांबवर एक चकाकती रेघ, तेवढंच पाणी. माझ्या तोंडून निघून गेलं, "पाणी कुठंय?"

काकांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. त्यांनी तिथेच वही उघडली. लिहिलं: पाणी कुठंय? वय चौतीस.

मग त्यांनी मला चप्पल काढायला लावली. धक्क्याच्या बाजूच्या गाळात घोट्यापर्यंत पाय गेला आणि मी किंचाळले, कारण माझ्या पायाजवळून बोटाएवढं काहीतरी पळालं. मासा होता. चिखलात, पाण्याबाहेर, उड्या मारत पळणारा मासा. त्याला निवटी म्हणतात. ओहोटीला काकांकडे सुकती म्हणतात, आणि सुकती लागली की या निवट्या आपापल्या बिळांतून वर येतात, पोरं त्यांना धरायला धावतात, घरी त्यांचं कालवण होतं. काका सांगत होते आणि मी उकिडवी बसून त्या भोकांकडे बघत होते. अर्धा तास गेला असेल. इतका वेळ मी फोन न काढता कधी बसले होते ते आठवत नाही.

तिथेच त्यांनी मला भरतीचा हिशेब शिकवला. त्यांच्या वडिलांचा. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला बाराच्या आतबाहेर. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण सुकती. उधाणाला मिठागराची उघाडी, म्हणजे बांधातली फळी, वर उचलायची आणि पाणी आत घ्यायचं. वेळ चुकली तर पुढच्या उधाणापर्यंत पंधरा दिवस हात चोळत बसायचं. वडील एकदा तापाने फणफणलेले असताना फळी उचलायला गेले होते, कारण दर्याला सांगता येत नाही की जरा थांब.

"पोरांसाठी आमच्या येळी सगळा गाव थांबायचा नाय. आमीच थांबायचो, पान्यासाठी," काका म्हणाले. "आताच्या पोरांना एक तरी वस्तू पायजे जी बटन दाबून येत नाय."

ती वस्तू म्हणजे त्यांचं टाकं. दालनाच्या मधोमध, सहा फूट लांब, चार फूट रुंद, बसक्या उंचीचं. तळाला त्यांच्या गावच्या खाडीकाठच्या खाजणातला खरा गाळ, वर लाकडी होड्या. खाली दुसरी टाकी आणि एक पंप, आणि पंपाला त्यांनी स्वतः बनवलेली एक चकती, तीस घरांची. रोज सकाळी चकती एक घर पुढे सरकवायची. त्या दिवशीची तिथी लागली की टाक्यातलं पाणी बाहेरच्या खाडीबरोबर चढायचं आणि खाडीबरोबर उतरायचं. सहा तास वर, सहा तास खाली. मुलांनी आत येताना पाण्याच्या रेषेशी एक खुंटी खोचायची, दालन फिरून यायचं, आणि जाताना बघायचं आपली खुंटी बुडाली की उघडी पडली.

बॉस हे ऐकून डोक्याला हात लावून बसले. सहा तास कोण थांबणार, काका? त्यांनी टाक्याच्या जागेसाठी आधीच एक मोठा स्क्रीन मागवून ठेवला होता, हात लावला की देवमासा उडी मारणारा. खोका स्टोअररूममध्ये पडून होता. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं: उद्घाटनाला ट्रस्टचे अध्यक्ष येणार, त्यांच्यासमोर टाकं चाललं तर राहील, फसलं तर दुसऱ्या दिवशी ते निघेल आणि तिथे स्क्रीन लागेल. काका "बरं" म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झालेला मी पहिल्यांदा ऐकला.

शेवटच्या आठवड्यात ते टाक्यात काहीतरी करत होते. मोज्यासारखं ताणलं जाणारं कापड अंथरून, पडदा लावून. मी डोकावले की हुसकवायचे. काय चाललंय विचारलं तर एकच उत्तर: सुकतीला बघ.

उद्घाटनाचा मुहूर्त अध्यक्षांच्या गुरुजींनी काढून दिला. अष्टमी, अभिजित मुहूर्त, दुपारी बरोबर बारा.

तुम्ही आता पाऊणपट केली असेल. मीही केली. आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती, बाराला ठार सुकती. अध्यक्ष फीत कापून आत येणार आणि त्यांना दिसणार काय, तर चिखल. बॉसना यातलं काहीच कळलं नव्हतं. त्यांनी टाकं जेव्हा जेव्हा बघितलं तेव्हा त्यात पाणी होतं. मी काकांना गाठलं, म्हटलं मुहूर्त बदलून मागू, नाहीतर चकती तरी एका दिवसापुरती फिरवू. ते हसले. म्हणाले, सुकती काय दर्या नसतो का? आणि पुन्हा तेच, तू सुकतीला बघ तर खरी.

मी रात्रभर तळमळले. माझ्या डोळ्यांसमोर तो खोका होता. या माणसाने पाच महिने गुडघे सोलून जे उभं केलं ते एका मुहूर्तापायी भंगारात जाणार, आणि हा मख्खासारखा हसतोय. टाक्याच्या पोटाखाली, रंगवलेल्या होडीच्या तळाआड, एक लाल दांड्याचा बायपास व्हॉल्व्ह होता, साफसफाईसाठी ठेवलेला. तो उघडला की पंधरा मिनिटांत टाकं भरायचं. हे फक्त काकांना आणि मला माहीत होतं.

साडेअकराला काका फाटकाशी शाळेच्या मुलांना घ्यायला गेले. मी टाक्याखाली शिरले आणि दांडा फिरवला, टाकं भरल्यावर परत बंद केला.

बाराला सगळं झकास झालं. फीत कापली, नारळ फुटला, टाकं काठोकाठ, होड्या डुलतायत. अध्यक्षांनी कौतुक केलं, बॉसनी लांबून मला अंगठा दाखवला. आणि मुलांची रांग घेऊन काका आत आले, गुडघ्यांना फोम बांधलेला, काखेत वही. त्यांनी टाक्याकडे बघितलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. मग पुन्हा टाक्याकडे. त्यांच्या तोंडावरचं हसू कुणीतरी पुसून घ्यावं तसं गेलं. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, आणि मी जमिनीत गडप व्हायचं तेवढं बाकी राहिलं.

मुलं खुंट्या खोचायला लागली. एक मुलगी मात्र खुंटी हातात धरून तशीच उभी राहिली. दोन वेण्या, गणवेशाला पिन लावलेली. तिने टाक्याकडे बघून मोठ्याने विचारलं, "आज आठमी नाय का? मंग बारा वाजता पानी कसा भरलाय?"

तिच्या बाई तिला गप्प करायला धावल्या. अध्यक्ष हसले, त्यांना ती गंमत वाटली. काका सरकत तिच्यासमोर गेले आणि गुडघ्यांवरच थांबले, तिच्या डोळ्याला डोळा.

"परत सांग," ते म्हणाले.

ती न घाबरता म्हणाली की तिची आजी आत्ता खाडीत गेलीय, निवट्या धरायला. आठमीला बाराला पाणी नसतं. मग हे कुठून आलं?

काका सगळ्यांकडे वळून म्हणाले, "पोरगी खरी हाय. पानी खोटं हाय." आणि अध्यक्षांसमोर, बॉससमोर, टाक्याखाली हात घालून त्यांनी निचऱ्याचं बूच ओढलं.

बॉसचा चेहरा मला आजही आठवतो. पाणी खळखळत खाली जात होतं. होड्या हळूहळू टेकल्या, एकेक करून कलल्या, अगदी करंज्याला बघितल्या तशा. गाळ उघडा पडला, त्यात बारीक भोकं. आणि मग एका भोकातून काहीतरी वर आलं. लाकडाचं, बोटाएवढं, वटारलेल्या डोळ्यांचं. निवटी. दुसऱ्या भोकातून दुसरी. पाणी उतरेल तशा तीसचाळीस निवट्या त्या गाळावर उठून बसल्या. काकांनी प्रत्येकीला खालून, कप्पीवरच्या तारेने, एक तरंगता गोळा जोडला होता. पाण्याबरोबर गोळा खाली गेला की ती वर. आठवडाभर पडद्याआड ते हेच करत होते. मला न सांगता, कारण मी थांबून बघावं असं त्यांना वाटत होतं.

मुलांनी जो कालवा केला! एकाच वेळी वीस प्रश्न. काका वहीत लिहितायत, पुरे पडत नाहीत. या गोंधळात अध्यक्ष वाकले, चष्मा सावरला आणि एका भोकाकडे बोट करून म्हणाले, "ही एवढी बिळं कोण खणतं?"

काकांनी पेन थांबवून विचारलं, "वय?"

"त्रेसष्ट," अध्यक्ष म्हणाले. तेही लिहिलं गेलं.

टाकं राहिलं. स्क्रीन आता आमच्या रिसेप्शनला आहे, त्यावर टॉवर फिरत असतात.

पण पाहुणे गेल्यावर बॉसनी काकांना धारेवर धरलं. तुमची चकती ऐन वेळी फेल गेली, नशीब म्हणून निभावलं, अशी भरवशाची नसलेली माणसं मला पुढच्या कामाला चालणार नाहीत. मी तीन फुटांवर उभी होते. तोंड उघडलंही होतं. काका माझ्या आधी म्हणाले, "व्हय साहेब, चूक माझीच." आणि मी तोंड मिटलं. का मिटलं याला चांगलं कारण नाही. घाबरले, एवढंच. नोकरी, घराचा हप्ता, बॉसचा आवाज, असली कारणं मी नंतर स्वतःला पुष्कळ सांगितली.

पुढच्या कामाला काकांना बोलावलं नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी गुडघ्यांचे फोम सोडले, वही माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले की रोज सकाळी चकती फिरवायला इसरू नको, आणि नवीन प्रश्न आले की लिव. मी वही माझ्या पिशवीच्या तळाशी टाकली. उघडायची हिंमत होत नव्हती. चकती मात्र रोज फिरवायला जाते, सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

काल अष्टमी होती. बाराला टाक्यापाशी एक मुलगा आला, त्याने मला काहीतरी विचारलं आणि मला कळलं की हे लिहायला हवं. म्हणून वही काढली. शेवटचं लिहिलेलं पान उद्घाटनाच्या दिवसाचं. आज आठमी नाय का, वय नऊ. ही एवढी बिळं कोण खणतं, वय त्रेसष्ट. आणि सगळ्यात खाली, त्यांच्याच अक्षरात, कोणा मुलाचा नव्हे असा एक प्रश्न: व्हॉल्व्ह कोनी उघडला?

त्याच्यावरून पट्टीने आखल्यासारखी एक सरळ रेघ मारलेली होती. आणि खाली दोन शब्द: इचारू नये.

अख्ख्या वहीत खोडलेला तेवढा एकच प्रश्न आहे. मी तिथेच टाक्याला टेकून खाली बसले. समोर निवट्या वर आल्या होत्या. तो मुलगा माझ्या उत्तराची वाट बघून निघून गेला असावा.

मग मी त्या रेघेखाली माझं नाव लिहिलं. पुढे वय लिहिलं. वही बंद केली, आणि काकांच्या गावाला जाणारी रिक्षा बघायला बाहेर पडले.